आवाजाची तार

हिरवं. शेवाळासारखं नाही, त्याहून फिकं, तांब्याच्या भांड्याला खूप दिवस हात लागला नाही की कडेला धरतं तसं — आणि तेही इतक्याशा जागेत, अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकोनी तोंडाच्या आत, आठ बारीक पिनांच्या रांगेवर. तिनं तो जोड उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. सहा पिना ओळखू येत होत्या. सातवी हिरव्या भुग्यात बुडाली होती आणि आठवीच्या जागी नुसतंच काळं... जळल्यासारखं. लोकांच्या कानात मी अशीच पाहते, तिच्या मनात आलं. अशीच एक डोळा मिटून, आणि समोरचा माणूस श्वास रोखून बसतो, आपल्याच डोक्यात काय सापडणार आहे याची त्यालाही धास्ती असल्यासारखा.

"सापडलं का?" खालून बाबांनी विचारलं. दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून ते उभे होते.

"पाणी गेलंय आत."

"पाऊस कुठे झालाय."

"पाइपचं पाणी. तुम्ही वेलाला मारता ते."

बाबांनी वेलाकडे पाहिलं, पण त्याची बाजू घेतली नाही. मागच्या खेपेला हा वेल खिडकीच्या चौकटीशी होता. आता तो छपराच्या कडेपर्यंत चढला होता आणि वाटेत त्यानं कॅमेऱ्याच्या शेपटीला — कॅमेऱ्यातून बाहेर लोंबणाऱ्या त्या बोटभर जाडीच्या तारेला — दोन वेढे घातले होते. भिंतीतून आलेली घराची तार आणि ही शेपटी जिथे एकमेकींना जोडल्या होत्या, तिथे लावणाऱ्यानं नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि ती केव्हाच सुटून पडली होती. रोज संध्याकाळी बाबा पाइप घेऊन पाणी घालणार, वेलासाठी धार वर नेणार, आणि रोज थोडं थोडं पाणी आत झिरपणार... आणि ते मी रोज पाहत होते, तिला एकदम जाणवलं. पाइप धरलेला हात, वर जाणारी धार, चित्रावर क्षणभर साचलेला ओघळ. पाहत होते आणि मला वाटत होतं, आज बाबा बरे आहेत.

चित्र गेलं तेव्हा ती कामावर होती. कानांच्या दवाखान्यात तिची एक अरुंद खोली आहे आणि त्या खोलीत आणखी एक काचेची खोली, बाहेरचा आवाज आत न येणारी. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेरून एकेक सूर सोडायचा, मोठा, मग बारीक, मग आणखी बारीक, आणि ऐकू आलं की त्यानं बोट वर करायचं. यंत्राला टेकवून तिचा मोबाइल उभा असतो. दोन माणसांच्या मध्ये ती त्यावर बाबांचं अंगण उघडते. रिकामी खुर्ची, वेलाची सावली, फाटक. कधी बाबा. वरून पाहिलेले, म्हणून टाळू आधी दिसणारे, त्यांच्या टाळूवरचं विरळ होत गेलेलं वर्तुळ आता तिला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचं झालं होतं. काल संध्याकाळी बसमधून उतरून ती फाटकात आली आणि बाबा दारात समोर उभे राहिले तेव्हा क्षणभर हा कोण गृहस्थ, असं वाटलं तिला. भुवया इतक्या पांढऱ्या कधी झाल्या? कॅमेऱ्यात भुवया दिसत नाहीत.

दुकानदार म्हणाला होता, माणूस पुढच्या आठवड्यात पाठवतो, नाहीतर नवीनच कॅमेरा घ्या, हल्ली कोण दुरुस्त करतं. ती म्हणाली, सामान द्या फक्त. रजा टाकली, बॅग भरली. चित्र गेलं म्हणून कुणी रजा टाकतं का, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांना दुसरं कारण ठाऊक होतं.

दुसरं कारण असं की बाबा एकटेच बोलायला लागले होते.

केव्हापासून ते तिला नक्की सांगता आलं नसतं. झाडांना पाणी घालून झालं की पाइप गुंडाळायचा, खुर्ची भिंतीशी लावायची, आणि मग कॅमेऱ्याच्या बरोबर खाली येऊन उभं राहायचं. वर पाहायचं. ओठ हलत. कधी थोडा वेळ, कधी खूप वेळ — हातवारे, मध्येच हसणं, एकदा तर बोट उगारून कुणाला तरी दटावल्यासारखं. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. घेतानाच दुकानदारानं विचारलं होतं, आवाजाचा देऊ का, थोडासाच फरक आहे. आणि ती लगेच म्हणाली होती, नको, चित्र पुरे. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं चोरून ऐकणं बरं नाही, असं तेव्हा वाटलं होतं. असंच वाटलं होतं का? की दिवसभर लोकांच्या ऐकण्याची मापं काढून आल्यावर आणखी एक आवाज...

ती ते हलणारे ओठ रोज पाहत राहिली. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, वयात होतं असं. नावं विसरतात का, वाट चुकतात का, जाऊन नीट बघून या. मग तिनं एका संस्थेत फोन केला, म्हाताऱ्या माणसांची सोय करणाऱ्या. तिथल्या बाई समंजस वाटल्या. खिडकीची खोली आहे, म्हणाल्या, तुमचं ठरेपर्यंत थोडे दिवस राखून ठेवते. हे अजून बाबांना सांगायचं होतं. काल रात्री जेवताना ती सहज विचारल्यासारखी विचारत राहिली होती — आज वार कोणता हो, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंच्या मुलीचं लग्न कुठे झालं, आईचा चष्मा आपण कुणाला दिला... बाबा घास चावत, न अडखळता, एकेक उत्तर देत होते आणि शेवटी पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाले होते, "झाली का तपासणी?" ती हसली होती. तेही हसले होते.

ती स्टुलावरून उतरली. शेपटीचं कुजलेलं टोक तिनं कात्रीनं कापून टाकलं, भिंतीतून आलेल्या तारेचंही बोटभर टोक कापलं. आतलं तांबं लालसर दिसेपर्यंत कापायचं, असं तिनं मोबाइलवर पाहिलेल्या दुरुस्तीच्या व्हिडिओतला माणूस म्हणाला होता. मग कॅमेराच काढून खाली घेतला आणि अंगणातल्या छोट्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती बसली. बाबाही समोर खुर्ची ओढून बसले. ऊन अजून कोवळं होतं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं आणि शिंपीणबाईंचं मशीन थोडा वेळ चालून थांबलं.

वरचं काळं आवरण सोललं की आत चार जोड्या, पीळ घातलेल्या. पीळ उलगडायचा. तारा केसांपेक्षा थोड्याच जाड. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, मग निळी, मग पांढरी-निळी, हिरवी — हिरवीची जोडी तोडून मध्ये निळी घालायची, हे तिनं बसमध्ये सबंध वाटभर घोकलं होतं — पांढरी-तपकिरी, तपकिरी. अंगठा आणि तर्जनीत धरून तिनं त्या एका रांगेत चपट्या केल्या. श्रवणयंत्रांच्या नळ्या बदलणारे हात होते ते.

"रंगीत आहे की बरंच," बाबा पुढे वाकून म्हणाले. मग थोड्या वेळानं, "बारके, ह्यातली आवाजाची तार कुठली?"

बारकी. पन्नाशी उलटली तरी. जन्मली तेव्हा मुठीत मावेल एवढी होती म्हणून.

"तशी वेगळी नसते, बाबा. सगळ्या मिळून काम करतात."

"म्हणजे सगळं ह्यातूनच जातं."

"हो."

बाबांनी मान डोलावली. टेबलावर पडलेला तारेचा एक कापलेला तुकडा उचलून ते बोटाला गुंडाळत राहिले. "मग बंद पडल्यापासूनचं तुला काहीच पोचलं नसेल."

"चित्र नव्हतं ना."

"चित्राचं नाही म्हणत मी. बोलण्याचं म्हणतोय."

आठ तारा तिच्या चिमटीत होत्या. ती त्यांच्याकडेच पाहत राहिली, कारण मान वर केली असती तर... सगळ्या संध्याकाळी एकदम समोर आल्या, गुंडाळलेला पाइप, भिंतीशी लावलेली खुर्ची, वर केलेला चेहरा. ते हसणं. ते बोट. माझ्याशी. ते माझ्याशी बोलत होते. आणि मी तिकडे काचेच्या खोलीबाहेर बसून, आवाज नसलेले ते ओठ पाहत, खिडकीची खोली ठरवत होते.

बाबांनी नोकरीची सगळी वर्षं बसच्या मोठ्या स्थानकात काढली होती, वरच्या मजल्यावरच्या एका कोंदट खोलीत, मायक्रोफोनपुढे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाचं मूल हरवलंय आणि चौकशीच्या खिडकीशी रडत उभं आहे. लहान असताना ती त्यांचा डबा घेऊन जाई. त्या खोलीला फलाटाकडे खिडकी नव्हती. तिनं एकदा विचारलं होतं, लोक ऐकतात हे तुम्हाला कसं कळतं? आणि बाबा म्हणाले होते, कुणी उत्तर देत नाही म्हणजे ऐकत नाही असं थोडंच आहे.

"नाही," ती म्हणाली. "बंद पडल्यापासूनचं नाही पोचलं."

हे खरं होतं. शब्दाशब्दानं खरं.

"आणि त्याआधीचं?"

काचेच्या खोलीत काही माणसं अशी येतात की तिनं सूर सोडलेलाच नसतो आणि ती बोट वर करतात. खोटी नसतात ती. बरोबर आलेला मुलगा किंवा सून काचेबाहेरून त्यांच्याकडे इतक्या आशेनं पाहत असते की बोट आपोआप वर जातं. तिला अशांची चीड येत असे, मोजमाप बिघडतं म्हणून. नवशिक्या मुलींना ती सांगे, ह्यांच्या डोळ्यांकडे पाहू नका, नुसतं बोटाकडे पाहा.

"पोचलं," ती म्हणाली.

बाबा खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या खांद्यांचं काहीतरी सैल झालं, एवढं तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. "मग ठीक," ते म्हणाले. "मला वाटायचं, तू फोनवर कधी विषय काढत नाहीस, म्हणजे मनाला लागलं की काय. पण नाही काढलास ते बरं केलंस. ते तसं समोरासमोर बोलण्यातलं नव्हतंच."

"नाही लागलं मनाला."

"मग झालं."

ते उठून चहा टाकायला आत गेले.

ते. एवढासा शब्द. ते म्हणजे काय? ते आईबद्दलचं होतं का — आई गेली त्या दिवशी ती वेळेवर पोचली नव्हती, बस चुकली होती, आणि बाबांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नव्हतं. की तिच्या मोडलेल्या संसाराबद्दल, ज्याविषयी बाबा तेव्हाही गप्पच होते, नुसती तिची ट्रंक उचलून आत ठेवली होती. की त्यांच्या स्वतःच्या काही दुखण्याचं, लपवलेल्या? की शिंपीणबाई... छे. पण का छे? तिनं त्या संध्याकाळींमधली चित्रं आठवून पाहिली, बोट उगारलेली ती संध्याकाळ कोणती, हसलेली कोणती, एकदा बाबांनी बोलता बोलता चष्मा काढून सदऱ्याला पुसला होता आणि तो बराच वेळ पुसत राहिले होते, ती? तेव्हा तिच्या समोर कुणीतरी रुग्ण बसला होता आणि तिनं मोबाइल पालथा घातला होता. आता विचारता येणार नव्हतं. एका शब्दानं तिनं ते दार स्वतःच लावून घेतलं होतं. खरं सांगितलं असतं तर बाबांनी ते पुन्हा सांगितलं असतं का? समोरासमोर बोलण्यातलं नव्हतंच, म्हणाले. म्हणजे नसतंच सांगितलं. आणि वर त्यांना कळलं असतं की इतके महिने आपण एका भिंतीशी बोलत होतो.

तिनं तारा प्लगमध्ये सारल्या, क्रिम्परच्या — प्लग आवळणाऱ्या पकडीच्या — तोंडात प्लग बसवला आणि मूठ आवळली. कट्. भिंतीतून टेबलापर्यंत ओढून घेतलेल्या घराच्या तारेला दुसरा प्लग. कट्. मध्ये दोघांना जोडणारी डबी बसवली, पण कॅमेऱ्यात काही उजळलं नाही. तिनं प्लग उजेडात धरला. पारदर्शक पोटातून दिसत होतं, तपकिरी तार टोकाला पोचलीच नव्हती, अर्ध्या वाटेत थांबली होती. तो प्लग वाया. पुन्हा कापलं, पुन्हा सोललं, पुन्हा तो रंगांचा क्रम. शेपटी आखूड होत चालली होती, आणखी एकदा चुकलं असतं तर भिंतीपर्यंत पुरली नसती. ह्या खेपेला तिनं श्वास रोखला. कट्.

कॅमेऱ्याच्या काळ्या तोंडात एक लाल ठिपका उमटला, मग चार, मग सबंध वर्तुळ.

चहाचे कप घेऊन बाबा दारात उभे होते. "पेटला," ते म्हणाले.

चहा झाल्यावर तिनं स्टुलावर चढून कॅमेरा जागेवर बसवायला घेतला. पण स्क्रू लावण्याआधी बाबांनी तो खालून मागून घेतला, धूळ पुसतो म्हणाले. खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी तो पुसला. आधी काच, मग कडा, मग पालथा करून खालची बाजू. अंगठा हळूहळू सगळीकडून फिरवला. जिथे धूळ नव्हती तिथूनही. ती वरून त्यांची टाळू पाहत होती, ओळखीची, आणि तो अंगठा पाहत होती. मायक्रोफोनला भोकं असतात. हे तिला कुणी शिकवलं होतं? त्याच कोंदट खोलीत, तिला मांडीवर घेऊन — ही बघ भोकं, इथे बोलायचं, बाजूला बोललीस तर फुकट जातं. सबंध आयुष्य ज्या माणसानं मायक्रोफोनपुढे काढलं त्याला ह्या गुळगुळीत, कुठेही भोक नसलेल्या डबड्याकडे पाहून कळलं नसेल? पहिल्याच दिवशी?

"चांगला आहे," बाबा म्हणाले आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही ओळखू येत नव्हतं. "पडतो जरा आता. कालपासून झोप नाही धड."

ते आत गेले. खाटेची करकर झाली.

म्हणजे त्यांनी मला विचारलं ते... मीच काल जेवताना त्यांना वार विचारत होते, आणि आज त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. मी बोट वर केलं. तिनं एकेक स्क्रू फिरवत नेला, डबी खालच्या तोंडानं, पाणी आत जाऊ नये अशी बसवली, वेलाचे वेढे सोडवून त्याला बाजूच्या खिळ्यावर वळवलं; हात आपलं काम करत होते. माहीत असताना बोलत होते का? कुणी ऐकत नाही म्हणूनच? आणि मी खोटं बोलले हे त्यांना कळलं असेल, तर मग ते सैल झालेले खांदे कशाचे होते? की तसं काही नाहीच, धूळच पुसत होते नुसती, म्हातारा माणूस, हातात आलेली वस्तू जरा जास्तच पुसणारा... दोन्ही खरं वाटत होतं. दोन्ही सारखंच खरं.

स्टुलावरून उतरून तिनं आधी तो फोन केला. ती खोली दुसऱ्या कुणाला द्या, म्हणाली. बाईंनी आपुलकीनं विचारलं, वडिलांची तब्येत सुधारली का. "त्यांचं काही बिघडलेलंच नव्हतं," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावरही तो हातात धरून तशीच उभी राहिली. त्यात अंगण उघडलं होतं. स्टूल, टेबल, वर्तमानपत्रावर रंगीत तारांची तुसं, आणि मधोमध एक बाई, टाळूकडून पाहिलेली, मागच्या केसांत पांढरा पट्टा असलेली. बाई हलली की चित्रातली थोडी उशिरा हले. कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी दिसत होती ती. मी अशी उभी राहते?

तिनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि कॅमेऱ्याखाली आली. वर पाहिलं. मान लगेच अवघडली — रोज इतका वेळ ते ही मान अशी धरत होते, हे चित्रात कळत नव्हतं. ऊन चढलं होतं. काचेच्या काळ्या गोळ्यात सबंध अंगण वाकलेलं, आणि तळाशी ती, तिळाएवढी.

"बाबा," ती म्हणाली.

तिचा आवाज तिला अनोळखी वाटला, आतून ऐकावा तसा, कान झाकून. आता काय? काहीच नाही. कुणी विचारत नव्हतं, कुणी भुवई उंचावत नव्हतं, बोट वर होण्याची वाट पाहायची नव्हती. काचेचा गोळा नुसता वाकून होता. आणि मग तिनं न ठरवलेलं वाक्य आपण होऊन बाहेर आलं — की कामावरून परतल्यावर किल्ली हातात घेऊन ती कधी कधी खूप वेळ दाराबाहेरच उभी राहते. समोरच्या बिऱ्हाडातली माणसं जिन्यात भेटली की किल्ली शोधत असल्याचं दाखवते. पर्समध्ये हात घालून. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे हेही तिला आत्ता, ऐकल्यावर कळत होतं. त्याच्या मागून दुसरं वाक्य आलं. त्याच्या मागून आईचं.

खिडकी उघडी होती. आत खाट पुन्हा करकरली की नाही, बाबा कुशीवर वळले, की उठून बसले, की गाढ झोपेत आहेत, तिला कळलं नाही. एरवी तिनं थांबून कान दिला असता. ती थांबली नाही. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही, आहे त्याच आवाजात, वर पाहत, बोलत राहिली.